एअरलेस मशीन रंग ओढत नाही, दाब धरत नाही: दोष कुठून शोधायचा

मृगाच्या आधी बाहेरच्या भिंती उरकून ठेवून दिलेलं एअरलेस मशीन, म्हणजे हवेशिवाय नुसत्या पंपाच्या दाबाने रंग फवारणारं यंत्र, नवरात्राच्या सुमारास पुन्हा बाहेर निघतं, कारण दसरा-दिवाळीची घरातली कामं सुरू झालेली असतात. मोटर फिरते, पंपाचा दांडा वर-खाली होतो, पण परतीच्या (रंग पुन्हा बादलीत सोडणाऱ्या) नळीतून रंग येत नाही, नुसते बुडबुडे. साइटवर कोणीतरी ‘पंप गेला’ म्हणतं, मशीन टेम्पोत चढतं आणि पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या रिंगा, बदलल्याचं बिल हातात पडतं. अशा वेळी पंपाला बहुधा काहीच झालेलं नसतं. मे महिन्यात धुताना आत राहिलेल्या रंगाच्या पापुद्र्याने खालचा छर्रा (झडपेसारखी उघड-बंद होणारी गोळी) सीटला, म्हणजे त्याच्या बैठकीला, चिकटून बसलेला असतो. पेन्सिलीने खालून एक ढोसणी दिली की मशीन चालू.

या मशीनचे दोष शोधण्याची एक दिशा ठरलेली आहे: स्वस्तापासून महागाकडे. आधी रंग, मग गाळण्या, मग टिप (गनच्या तोंडाशी रंग फवारणारा भाग), मग सक्शनचे, म्हणजे बादलीतून रंग ओढणाऱ्या बाजूचे, सांधे, मग छर्रे आणि अगदी शेवटी पॅकिंग. पाना हातात घेऊन थेट पंपावर जाणारा माणूस उलट्या टोकाने सुरुवात करतो. इथे लिहिलेलं इमारतीच्या रंगकामात वापरल्या जाणाऱ्या विजेवरच्या पिस्टन पंपाच्या मशीनबद्दल आहे. कॉम्प्रेसरवर चालणारी फर्निचरची किंवा गॅरेजची गन वेगळी. तिचं इथे काही लागू करू नका.

आत काय चालतं, एवढं माहीत हवं

पंपात दोन छर्रे असतात. एक तळाशी, सक्शनच्या तोंडावर; दुसरा पिस्टनमध्ये. दांडा वर जाताना तळाचा छर्रा उघडतो आणि रंग आत येतो. त्याच वेळी पिस्टनमधला छर्रा बंद असतो, म्हणून वरचा रंग पाइपकडे ढकलला जातो. दांडा खाली येताना तळाचा छर्रा बंद होतो, पिस्टनमधला उघडतो आणि रंग त्यातून वर सरकतो. दांड्याभोवती वर एक आणि खाली एक अशा पॅकिंगच्या दोन थप्प्या असतात. पुढचं सगळं निदान या चार गोष्टींवर उभं आहे.

हात लावण्याआधी दाब काढा

ही मशीनं साधारण ३००० पीएसआयपर्यंत, म्हणजे सुमारे २०० बारपर्यंत दाब देतात. मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या जवळपास शंभरपट. प्लग काढला म्हणजे दाब गेला असं नाही. पाइपात तो तसाच कोंडलेला राहतो.

क्रम असा. स्विच बंद करा, प्लग काढा. दाबाचं बटण सर्वांत खाली आणा. गनचं कुलूप उघडून तिचा धातूचा भाग धातूच्या बादलीला टेकवा आणि घोडा दाबून पाइपातला दाब सोडा. प्राइम व्हॉल्व्ह (रंग गनकडे जाणार की परतीच्या नळीत, हे ठरवणारी झडप) परतीच्या बाजूला वळवा. गनला पुन्हा कुलूप लावा. टिप पूर्ण बुजलेली असेल तर घोडा दाबूनही दाब जात नाही. तेव्हा व्हॉल्व्ह परतीकडे वळवल्यावर टिपगार्डचं (टिपभोवतीच्या संरक्षक भागाचं) नट अगदी सावकाश, पाव-पाव फेरा सैल करा आणि फुसफुस थांबेपर्यंत वाट बघा.

टिपसमोर बोट, तळवा, फडकं काहीही धरू नका. या दाबाने रंग कातडीच्या आत घुसतो. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि म्हणूनच लोक हळद लावून कामाला लागतात. आतला रंग काही तासांत बोटातलं मांस खराब करतो. बोट कापावं लागण्याइतकं हे गंभीर असतं. ही जखम ड्रेसिंगची नाही, ऑपरेशनची आहे. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा, ‘उच्च दाबाने रंग आत शिरला आहे’ हे शब्द वापरून सांगा आणि रंगाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो बरोबर न्या.

रंग ओढत नाही

सगळ्यात आधी एक सोपी परीक्षा. सक्शनची नळी रंगाच्या बादलीतून काढून स्वच्छ पाण्यात बुडवा (तेलरंगाचं काम असेल तर टर्पेंटाइनमध्ये), प्राइम व्हॉल्व्ह परतीच्या बाजूला, दाब मध्यावर, आणि मोटर चालू करा. पाणी नीट ओढलं पण रंग ओढत नसेल, तर मशीन ठीक आहे आणि रंग जाड आहे किंवा तळाची जाळी भरली आहे. पाणीही ओढत नसेल, तर छर्रा चिकटलाय किंवा कुठून तरी हवा शिरतेय. दोन मिनिटांत अर्धं निदान झालं.

रंग जाड असेल तर डब्यावर एअरलेससाठी जेवढं पाणी सांगितलंय त्याच्या पलीकडे जाऊ नका. ब्रश-रोलरसाठी दिलेला आकडा वेगळा असतो आणि बराच जास्त असतो. तो बघून पाणी ओतलं की भिंतीवर ओघळ येतात. ५ टक्क्यांपासून सुरुवात करा, म्हणजे २० लिटरच्या बादलीला १ लिटर. ढवळा, चालवून बघा, मग लागलं तर आणखी. आणि रंग कितीही नवा असला तरी गाळल्याशिवाय मशीनला देऊ नका. नायलॉनची रंग गाळायची पिशवी मिळते; नसेल तर जुन्या नायलॉन साडीचा स्वच्छ तुकडा बादलीच्या तोंडाला बांधा. सुती मलमल नको, तिचे धागे सुटतात आणि टिपमध्ये जाऊन बसतात.

छर्रा चिकटलाय असा संशय असेल तर दाब काढून सक्शनची नळी सोडवा. वर तळाच्या व्हॉल्व्हचं भोक दिसेल. पेन्सिल किंवा बांबूची काडी आत घालून हळूच वर ढकला. छर्रा मोकळा असेल तर वर जाऊन ‘टक्’ करून खाली पडतो. काही मशीनवर याच कामासाठी बाहेरून दाबायचं बटण असतं. सुटत नसेल तर खालच्या घराला (तळाच्या व्हॉल्व्हच्या आवरणाला) हातोडीच्या लाकडी दांड्याने बाजूने दोन-तीन हलके ठोके द्या. तरीही नाही, तर प्लास्टिक इमल्शनच्या बाबतीत कोमट साबणपाण्यात तो भाग पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. खिळा किंवा स्क्रू-ड्रायव्हर मात्र घालू नका. छर्रा कठीण असतो, पण सीटच्या कडेवर ओरखडा पडला की ती बाजू दाब धरणार नाही, आणि फुकटात सुटणारा दोष विकत घेतल्यासारखं होईल.

हवा शिरत असेल तर परतीच्या नळीतून रंग फेसाळ येतो, मध्येच खोकल्यासारखं करतो. सक्शनच्या बाजूला दाब नसून ओढ असते, म्हणून तिथली गळती बाहेरून ओली दिसत नाही. सक्शनच्या नटाजवळच्या सांध्यावर जाडसर ग्रीस फासा आणि पुन्हा चालवा. आता ओढ सुधारली, तर तिथली ओ-रिंग फाटलेली किंवा वाळून कडक झालेली आहे. नवी ओ-रिंग ही मशीनमधल्या सगळ्यात स्वस्त सुट्या भागांपैकी एक असते, तरीही तिच्या जागी सुतळी आणि टेप गुंडाळलेली मशीनं दिसतात. तसं करू नका. नळीचं तोंड रंगात पूर्ण बुडलेलं आहे ना, हेही बघा. बादली तिरकी ठेवून शेवटचे दोन लिटर ओढायचा प्रयत्न झाला की हवा जातेच.

दाब धरत नाही: दांड्याकडे बघा

गनचा घोडा सोडल्यावर ठरलेला दाब येताच मोटर थांबली पाहिजे आणि थांबूनच राहिली पाहिजे. घोडा सोडलेला असताना मशीन दर चार-पाच सेकंदांनी एखादा फेरा मारत असेल, तर रंग कुठून तरी निसटतोय.

आधी बाहेरच्या गळत्या. परतीची नळी बादलीतून वर काढून धरा. तिच्यातून थेंब गळत असतील तर प्राइम व्हॉल्व्ह झिजलाय. तो सगळाच बदलतात, आत उघडून घासत बसण्यात अर्थ नाही. दांड्याभोवतीच्या वाटीत रंग वर येत असेल तर वरचं पॅकिंग. काही मॉडेलमध्ये वरचं नट थोडं आवळून ही गळती थांबते, पण पाव फेऱ्यापेक्षा जास्त आवळू नका. फार आवळलेलं पॅकिंग तापतं आणि दांड्यालाच खातं.

बाहेर कुठेच ओलं नसेल तर गळती आत आहे, आणि ती कुठे आहे हे दांडा सांगतो. पुढच्या झाकणाच्या फटीतून दांडा दिसतो. बोट घालू नका, फक्त बघा. टिप लावून, दाब मध्यावर ठेवून घोडा दाबा आणि दांडा कुठल्या दिशेने घाईने जातो ते पाहा. वर जाताना आणि खाली येताना वेग जवळजवळ सारखा असायला हवा.

खाली येताना दांडा सरसर घसरतो, वर जाताना नीट भार घेतो: तळाचा छर्रा किंवा त्याची सीट बंद होत नाही. रंग पुढे जाण्याऐवजी परत बादलीत जातोय.

वर जाताना घसरतो: पिस्टनमधला छर्रा, त्याची सीट किंवा पॅकिंग.

म्हणजे पहिल्या प्रकारात पॅकिंगचं किट विकत घेण्याची काही गरज नाही. फक्त तळाचं घर उघडायचं. दुरुस्तीच्या दुकानात हे बघितलं जातंच असं नाही, म्हणून मशीन नेण्याआधी स्वतः बघून ‘खाली येताना घसरतं’ एवढं सांगा. समोरचा माणूस जाणकार असेल तर पुढचं विचारणार नाही.

तळाचं घर उघडल्यावर छर्रा अंगठा आणि तर्जनीत धरून उजेडासमोर फिरवा. तो आरशासारखा असायला हवा. राखाडी, खरबरीत पट्टा दिसला तर बदला. सीटच्या कडेवरून नख फिरवा. नख कुठे अडलं, तर तिथे खाच आहे, आणि २०० बारला केसाएवढी खाच पुरते. काही पंपांत सीट उलटी करून दुसरी बाजू वापरता येते. पहिल्यांदा उघडत असाल तर तेवढ्यावर काम भागू शकतं. खाच नसेल आणि नुसता वाळलेला रंग, पुट्टीचा कण किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार जमलेले असतील, तर नायलॉनच्या ब्रशने घासून पुन्हा बसवा. तारेचा ब्रश नको.

पॅकिंग बदलायचंच असेल तर

दांडा बाहेर काढल्यावर आधी त्याच्या लांबीवरून नख फिरवा. चकचकीत क्रोमवर उभा ओरखडा लागला तर नुसतं पॅकिंग बदलून पैसे वाया जातात. ओरखड्यातून रंग जात राहतो आणि नव्या पॅकिंगच्या कडा पहिल्याच कामात कापल्या जातात. दांडा आणि पॅकिंग एकत्र बदला.

किटमध्ये चामड्याच्या रिंग असतील तर त्या एसएई ३० ग्रेडच्या तेलात निदान तासभर भिजवा. कोरडं चामडं घालताना चुरगळतं. चामड्याच्या आणि प्लास्टिकच्या रिंग आलटून पालटून बसतात. क्रम किटबरोबरच्या चित्राप्रमाणेच, आणि खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चुकतं ते बहुधा एकाच ठिकाणी: इंग्रजी व्हीसारख्या रिंगांची तोंडं कुठे करायची यात. नियम सोपा आहे. ज्या बाजूला दाब, त्या बाजूला तोंड. म्हणजे वरच्या थप्पीची तोंडं खाली आणि पिस्टनवरच्या थप्पीची वर. दोन्ही एकमेकींकडे बघतात. एक थप्पी उलटी बसली की मशीन चालू होतं, रंगही ओढतं, पण दाब चढत नाही, आणि मग माणूस दिवसभर प्रेशर स्विचला (दाब बघून मोटर बंद-चालू करणाऱ्या स्विचला) शिव्या देत बसतो.

जोडणी झाल्यावर वरच्या वाटीत पंपासाठी मिळणारं खास तेल पाच-सहा थेंब घाला. हे थेंब एकदाचे नाहीत, रोज सकाळी काम सुरू करण्याआधी घालायचे. रंग दांड्यावर वाळून पॅकिंगच्या कडा खाऊ नये म्हणून ते असतं. वर्षभरात एका छोट्या बाटलीचा खर्च, आणि पॅकिंगचं आयुष्य त्याच्यावर.

भिंतीवर रेघा येतात

फवाऱ्याच्या पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा आणि मध्ये विरळ, याला कारागीर ‘शेपट्या’ म्हणतात. रंग नीट फुटत नाही, असा त्याचा अर्थ. दाब थोडा-थोडा वाढवत जा. शेपट्या गेल्या तिथेच थांबा. त्यापुढे दाब वाढवला तर रंग हवेत उडतो, भिंतीवर कमी आणि खिडक्यांवर जास्त, शिवाय टिप लवकर झिजते. पूर्ण दाबावरही शेपट्या राहिल्या तर अनुक्रमे बघा: गनमधली गाळणी, मशीनवरची गाळणी, रंगाचा जाडपणा, टिप.

गाळण्यांचा आणि टिपचा हिशेब एकदा समजून घेतला की अर्धे त्रास संपतात. टिपवरचा आकडा, समजा ५१७. पहिल्या आकड्याची दुप्पट म्हणजे भिंतीपासून १२ इंचांवर पट्ट्याची रुंदी: १० इंच. पुढचे दोन आकडे म्हणजे भोक, इंचाच्या हजारांश भागात: ०.०१७ इंच, सुमारे ०.४३ मिलिमीटर. वॉर्निश, पातळ लॅकरला ९ ते १३. घरातल्या इमल्शनला १३ ते १७. बाहेरच्या जाड रंगाला १७ ते २१. मशीनच्या पट्टीवर ते पेलू शकतं त्या सर्वांत मोठ्या टिपचा आकडा छापलेला असतो. नवी टिप त्याहून लहान घ्या, कारण ती झिजून मोठीच होणार आहे.

आता गाळणी. मेश म्हणजे जाळीच्या एका इंचात किती छिद्रं. ६० मेशच्या जाळीचं छिद्र साधारण ०.२५ मिलिमीटर, १०० मेशचं ०.१५. तत्त्व एवढंच की जाळीचं छिद्र टिपच्या भोकाहून बरंच लहान हवं. ५१७ला ६० मेश छान चालते. पण ३११ टिपचं भोक ०.२८ मिलिमीटर, तिच्यामागे ६० मेश ठेवली तर जाळीचं छिद्र जवळपास भोकाएवढंच, आणि निसटलेला कण टिपमध्ये अडकू शकतो, तिथे १०० मेश हवी. ३० मेशची छिद्रं ०.४३हून मोठी, म्हणून ती ५१७ मागे असून नसल्यासारखी. उलट बाहेरच्या जाड रंगाला १०० मेश लावली तर जाळी सारखी भरते आणि दाब नसल्यासारखं वाटतं. गाळण्यांचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात. हिरवी-पांढरी बघून विकत घेऊ नका, मेश विचारा.

झिजलेली टिप ओळखायला पुठ्ठा पुरतो. टिप नवी असताना १२ इंचांवरून पुठ्ठ्यावर एक सेकंद फवारा मारा, रुंदी मोजून पुठ्ठ्यावरच लिहून ठेवा. इमल्शनमधले पांढरे पिगमेंट आणि भराव टिपला पॉलिश पेपरसारखे घासतात. भोक गोल होत जातं आणि पट्टा अरुंद होतो. १० इंचांचा पट्टा ७ ते ७.५ इंचांवर आला की टिप टाकून द्या. टिपची किंमत बघून हात आखडतो खरा, पण १७चं भोक झिजून २१ झालं तर क्षेत्रफळ दीडपट होतं. तेवढाच रंग जास्त जातो, तोही अरुंद पट्ट्यात, म्हणजे ओघळ. एका २० लिटरच्या बादलीच्या किमतीपुढे नवी टिप काहीच नाही.

फवारा मध्येच थुंकतो तेव्हा टिपमध्ये कण असतो किंवा सक्शनला हवा. टिप १८० अंश फिरवून बादलीत घोडा दाबा, कण उलट दिशेने बाहेर पडतो. परत सरळ करा. टिप सुईने टोचू नका, कार्बाइडची कड तुटते. घोडा सोडल्यावरही गनमधून थेंब पडत राहिले तर सुईच्या सीटवर कण बसलाय. गन साफ करूनही थेंब थांबले नाहीत तर सुई आणि सीट दोन्ही बदला, एक नाही.

मोटर चालत नाही, मंद चालते

साइटवरची वीज हे इथलं मोठं कारण आहे. तात्पुरत्या मीटरवरून ५० मीटर पातळ वायर ओढून त्यावर ग्राइंडर, दिवे आणि मशीन. मशीनला जागेवर व्होल्टेज कमी मिळतं, सुरुवातीचा जोर कमी पडतो, मोटर गुणगुणते आणि तापते. अर्थिंग असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवरून किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, ३० मीटरपर्यंत. रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. लांब जायचं असेल तर वायर वाढवण्यापेक्षा रंगाचा पाइप वाढवा. पाइपाला चिरा, फुगवटा किंवा दुमड दिसली तर तो बदलायचा. या पाइपाला पंक्चर काढत नाहीत.

वीज ठीक आणि मोटर नुसती गुणगुणते: पंप आत वाळून अडकला असेल. पंपाचा दांडा मोटरच्या जोडापासून सोडवून मोटर एकटी चालवा. फिरली तर दोष पंपात. नाही फिरली तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) बघा. ब्रशची मोटर असेल आणि कार्बन अर्ध्या इंचाहून लहान झाले असतील तर दोन्ही जोडीने बदला. झाकण उघडण्याआधी प्लग काढून पाच मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. आतल्या सर्किट बोर्डाच्या पलीकडचं काम जाणकाराकडेच.

धुणं: पुढच्या हंगामाचे दोष इथेच तयार होतात

काम संपल्यावर रंगाऱ्याचे हात धुवायच्या आधी मशीन धुतलं गेलं पाहिजे. उन्हात पडलेल्या पाइपात इमल्शन घट्ट व्हायला वेळ लागत नाही.

पाव इंची १५ मीटर पाइपात जवळपास अर्धा लिटर रंग असतो. तो टाकू नका. दाब काढा, टिप आणि टिपगार्ड काढा, सक्शन पाण्याच्या बादलीत टाका, गन रंगाच्या डब्याकडे धरून कमी दाबावर घोडा दाबा. पाणी दिसू लागताच गन रिकाम्या बादलीकडे वळवा. पहिल्या चार-पाच लिटरात दुधाळ पाणी येईल. पाणी बदला, थोडा धुण्याचा साबण घाला, आणि आता प्राइम व्हॉल्व्ह परतीच्या बाजूला करून एखादं मिनिट त्या नळीतूनही फिरवा. हा टप्पा बरेचजण गाळतात, आणि व्हॉल्व्ह जाम होतो तो नेमका यामुळे. शेवटी स्वच्छ पाणी, येणारं आणि जाणारं सारखं दिसेपर्यंत. एकूण १५ लिटर पाणी बहुधा पुरतं. गाळण्या बाहेर काढून जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासा. टिप साबणपाण्यात धुऊन कोरडी करा; थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवली तर सील फुगतं.

तेलरंगाला टर्पेंटाइन, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरला एनसी थिनर, पीयूला (पॉलियुरेथेनला) पीयू थिनर. रॉकेल स्वस्त पडतं म्हणून वापरलं जातं, पण त्याचा तेलकट अंश मागे राहतो आणि पुढच्या इमल्शनमध्ये माशाच्या डोळ्यासारखे खड्डे उमटतात. पेट्रोल कधीच नाही. ब्लीचिंगचं पाणीही नाही, ते ॲल्युमिनियम खातं. थिनरने धुताना टिप काढलेलीच हवी, दाब सर्वांत कमी, बादली धातूची आणि जमिनीवर टेकलेली, गनचा धातू बादलीला सतत चिकटलेला. प्लास्टिकच्या बादलीत स्थिर विजेची ठिणगी पडते. मशीन फवाऱ्यापासून सहा मीटर दूर, जवळ बिडी-सिगारेट नाही. तेलरंगानंतर इमल्शन घ्यायचं असेल तर आधी टर्पेंटाइन, मग साबणपाणी, मग पाणी. इमल्शननंतर तेलरंग असेल तर हाच क्रम उलटा. हा क्रम तोडला तर पंपात दह्यासारखी गाठ बनते.

जेवणाच्या सुट्टीत इमल्शन असेल तर दाब काढा, गनचं तोंड पाण्यात बुडवा, रंगाची बादली ओल्या फडक्याने झाका. दोन घटकांच्या पीयू किंवा इपॉक्सीला ही सवलत नाही; डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत मशीन धुऊन मोकळं झालंच पाहिजे, नाहीतर पंप दगड. आणि पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. त्याच्या फवाऱ्याला कापडी मास्क पुरत नाही.

दोन दिवसांहून जास्त मशीन बंद राहणार असेल तर आत पाणी ठेवू नका. पाणी पूर्ण काढून साठवणीचं द्रव, ते नसेल तर टर्पेंटाइन, अर्धा-एक लिटर ओढून पंपात राहू द्या. कोकणात तर हे टाळूच नका. चार महिन्यांच्या दमट हवेत छर्रा आणि सीट दोन्हीकडे गंज धरतो. मशीन बंद करताना दांडा खालच्या टोकाला आणून थांबवता आला तर तसा थांबवा, म्हणजे त्याचा उघडा भाग कमी राहतो. वाटीत तेलाचे थेंब घाला. मशीनच्या मुठीला एक चिठ्ठी बांधा: शेवटी कुठला रंग चालवला, आत काय भरलंय, तारीख.

मशीनबरोबरच्या डब्यात ठेवायचं: ५१५ आणि ५१७ टिप एकेक, टिपचे सील चार, ६० आणि १०० मेशच्या गन-गाळण्या दोन-दोन, सक्शनची ओ-रिंग, तळाचा छर्रा, तेलाची बाटली, टूथब्रश आणि एक पेन्सिल. नवरात्राच्या पंधरा दिवस आधी मशीन काढून ते साठवणीचं द्रव बाहेर काढा, बादलीभर पाण्यावर दहा मिनिटं चालवा आणि घोडा सोडून मोटर थांबून राहते का ते बघा. पॅकिंग मागवायचं असलं तर तेव्हा मिळतं. दिवाळीच्या आठवड्यात दुकानदाराकडे तेच संपलेलं असतं.